बालदमा आणि खेळताना लागणारी धाप, कोणतं औषध कशासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दम्याच्या मुलाची चिठ्ठी हातात आली की आईबाबांना एकदम चार गोष्टी दिसतात: अडीअडचणीचा एक पंप, रोजचा दुसरा पंप, एखादी चघळायची गोळी आणि स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची प्लॅस्टिकची पोकळ नळी. मग पहिला प्रश्न येतो, ‘यातलं सगळ्यात चांगलं औषध कोणतं?’ मुलांच्या दम्यावर उपचार करता करता मला वाटू लागलं आहे की हा प्रश्न जरा वळवून विचारावा: हे औषध नेमकं काय करतं, आणि माझ्या मुलाला आत्ता त्याचीच गरज आहे का? खालची उत्तरं त्याच हिशेबाने लिहिली आहेत. डोसचे आकडे कल्पना यावी म्हणून दिले आहेत. तुमच्या मुलाने घ्यायचा डोस मात्र त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेलाच.

दमा एकच, मग पंप दोन कशाला?

कारण दम्यात छातीत दोन गोष्टी घडतात आणि त्या दोन वेगळ्या वेगाने घडतात. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. ती दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे टिकते, आणि मूल वरून ठणठणीत दिसत असलं तरी असते. या सुजलेल्या नळ्या फार चिडखोर होतात. धूर, सर्दीचा विषाणू, धूळ, थंड हवा, धावपळ, काहीही निमित्त मिळालं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. मग छातीतून सूं सूं आवाज, खोकला, धाप.

साल्ब्युटामॉल हे आवळलेले स्नायू सैल करतं. पाचेक मिनिटांत फरक जाणवतो, परिणाम चार ते सहा तास टिकतो. सुजेला ते हातही लावत नाही. ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन ही श्वासावाटे घ्यायची स्टेरॉइडं सूज उतरवतात, पण त्याला दिवस आणि आठवडे लागतात. ऐन धापेच्या वेळी ती ओढून लगेच आराम पडत नाही.

छप्पर गळत असेल तर खाली बादली ठेवावीच लागते. पण बादली कितीही चांगली असली तरी छप्पर दुरुस्त होत नाही. साल्ब्युटामॉल ही बादली, स्टेरॉइडचा पंप ही डागडुजी. या दोघांत चांगलं कोणतं, असा सामना लावताच येत नाही.

आमच्याकडे निळा पंपच नाही. चुकीचा दिला आहे का?

रंगावर जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी आराम देणारा पंप निळा असतो, पण रंगाचा काही जागतिक नियम नाही. औषधाचं नाव वाचा आणि वाटल्यास पंपावर मोठ्या अक्षरात ‘रोजचा’ आणि ‘धाप लागल्यावर’ अशा चिठ्ठ्या चिकटवा. ऐन वेळी घाईत चुकीचा पंप हाती येण्याचा धोका खरा असतो.

खेळताना धाप लागते, म्हणजे दमाच का?

दर वेळी नाही. इथे घाई झाली तर मुलाला नको ते औषध महिनोन्‌महिने मिळत राहतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जोरात धावताना मूल तोंडाने भराभर श्वास घेतं. नाकातून जाणारी हवा ओली आणि कोमट होऊन आत जाते, तोंडावाटे घेतलेली हवा कोरडीच आत शिरते. श्वासनलिकांच्या आतला ओलावा उडतो, तिथल्या पेशींभोवतीचं पाणी आटून क्षार दाट होतात आणि पेशींमधून हिस्टामिन, ल्युकोट्राइन यांसारखी रसायनं सुटतात. त्यांनी स्नायू आवळतात. थंड आणि कोरड्या हवेत त्रास वाढतो तो यामुळेच. बहुतेक वेळा अशा मुलाला दमा असतोच. काहींना मात्र एरवी काहीच त्रास नसतो आणि फक्त व्यायामाने श्वासनलिका आवळतात.

या त्रासाची वेळ नीट पाहा. तो साधारण पाच-दहा मिनिटं जोराचा व्यायाम झाल्यावर किंवा मूल थांबल्यानंतर सुरू होतो, थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत सगळ्यात जास्त असतो आणि अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. मैदानावरून परतताना किंवा घरी आल्यावर खोकत बसणारं मूल हे त्याचं नेहमीचं चित्र.

आता दुसरं चित्र पाहा. ऐन शर्यतीत, सगळ्यात जोर लावलेला असताना गळ्याशी काहीतरी अडकल्यासारखं होतं, श्वास आत घेताना आवाज येतो, आणि थांबल्यावर पाचेक मिनिटांत सगळं शांत. ही बहुधा स्वरयंत्राची तक्रार असते. जोराच्या श्रमात स्वरयंत्राची फट उघडण्याऐवजी अरुंद होते. खेळाडू मुलांत, त्यातही किशोरवयीन मुलींमध्ये ही तक्रार जास्त दिसते. साल्ब्युटामॉलने तिला काही फरक पडत नाही, श्वासाच्या खास व्यायामांनी पडतो. अशा मुलांना दम्याची औषधं एकावर एक वाढवली जातात आणि तरी गुण येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पंपाने काहीच फरक पडत नसेल तर दुसरा पंप मागण्याआधी ‘निदान बरोबर आहे का?’ हे विचारा.

तिसरी शक्यता साधी आहे: दमसास कमी पडणं. बरेच दिवस खेळ बंद असलेल्या मुलाला धाप लागणारच. रक्त कमी असणं हेही कारण असू शकतं. पळताना चक्कर येऊन मूल पडलं किंवा छातीत दुखलं तर मात्र हृदयाची तपासणी आधी करून घ्या.

शंका राहिलीच तर व्यायामाची चाचणी करतात. सहा ते आठ मिनिटं जोरात पळवून त्याआधी आणि नंतर फुंकर मोजतात. एका सेकंदात बाहेर टाकलेल्या हवेचा आकडा १० ते १२ टक्के किंवा त्याहून जास्त घसरला तर निदानाला बळ मिळतं.

खेळाच्या किती वेळ आधी पंप घ्यावा?

साल्ब्युटामॉल असेल तर १० ते १५ मिनिटं आधी, सहसा दोन पफ, स्पेसरमधून. संरक्षण साधारण दोन ते चार तास मिळतं. मैदानात उतरता उतरता घाईने एक पफ मारण्यात फारसा अर्थ नाही.

मुलगी रोज सरावाला जाते. रोज आधी पंप घेतला तर चालेल?

या सगळ्या पानावरचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे.

कधीमधी, मोठ्या सामन्याआधी, थंडीच्या दिवसांत, जरूर घ्यावा. पण साल्ब्युटामॉल किंवा त्याच्या जातीचं औषध रोजच्या रोज घेत राहिलं तर श्वासनलिकेच्या स्नायूंवरच्या ज्या जागांना ते चिकटतं त्या जागा कमी होत जातात. म्हणजे तेच दोन पफ पूर्वीइतका वेळ संरक्षण देत नाहीत, आणि धाप लागल्यावर आरामही उशिरा पडतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या साल्मेटेरॉल, फॉर्मोटेरॉल यांच्या बाबतीतही हेच दिसलं आहे. सुरुवातीला बारा तास पुरणारं संरक्षण रोजच्या वापरानंतर आखूड होतं.

दुसरी बाजू याहून मोठी. रोज पंप घेतल्याशिवाय मुलीला खेळता येत नसेल, तर आतली सूज आटोक्यात नाही, हे तिची छाती सांगते आहे. मैदान हीच दम्याची रोजची परीक्षा असते. अशा वेळी खेळाआधीचं औषध बदलत बसण्यापेक्षा रोजचं स्टेरॉइड सुरू करणं, किंवा आधीच सुरू असेल तर ते नीट पोचतंय का हे पाहणं, हा खरा उपाय. स्टेरॉइडचा खेळावरचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. बऱ्याच मुलांना त्यानंतर खेळाआधीच्या पंपाची गरज फार क्वचित उरते.

स्टेरॉइड म्हटलं की छातीत धस्स होतं. उंची खुंटते ना?

भीती समजण्यासारखी आहे आणि ती ‘काही होत नाही हो’ म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. म्हणून खरे आकडे पाहू.

अमेरिकेत झालेल्या ‘कॅम्प’ नावाच्या मोठ्या अभ्यासात ५ ते १२ वर्षांची १०४१ मुलं होती. त्यातल्या एका गटाला रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड चार ते सहा वर्षं दिलं. ही मुलं मोठी झाल्यावर त्यांची उंची मोजली आणि ते निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. बिनऔषधी पंप मिळालेल्या गटापेक्षा यांची सरासरी उंची १.२ सेंटिमीटरने कमी भरली. हा फरक मुख्यतः उपचाराच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच पडला होता, पुढे तो वर्षागणिक वाढत गेला नाही.

म्हणजे परिणाम आहे, पण तो बोटाच्या पेराहूनही कमी. आणि तो ४०० मायक्रोग्रॅमचा. ६ ते ११ वर्षांच्या मुलांत कोरड्या पावडरीच्या ब्युडेसोनाइडचा कमी डोस १०० ते २०० मायक्रोग्रॅम धरतात आणि बहुतेक मुलांचं तेवढ्यावर भागतं. दुसऱ्या पारड्यात काय आहे? रात्री बसून काढायच्या, शाळा बुडते, मूल खेळातून बाहेर बसतं, आणि वारंवार झटके येऊन प्रेडनिसोलोनसारखी पोटातून घ्यायची स्टेरॉइडं लागतात. ती संपूर्ण शरीरात फिरतात, त्यांचे डोस मायक्रोग्रॅममध्ये नाही तर मिलिग्रॅममध्ये असतात, हजारपटीच्या मापात. शिवाय आटोक्यात नसलेला दमा स्वतःच वाढ खुंटवतो.

मी माझ्यापुरता नियम असा ठेवतो: पुरेल तेवढा सगळ्यात कमी डोस, आणि दर भेटीला उंची मोजून नोंद. तुमच्या डॉक्टरांकडेही हा आग्रह धरा.

तोंडात पांढरा बुरा येणं आणि आवाज बसणं हे दोन त्रास मात्र जास्त वेळा दिसतात. स्पेसर वापरला आणि नंतर चूळ भरून टाकली तर तेही टळतात.

ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन, सिक्लेसोनाइड: यात निवड कशी करायची?

समान ताकदीच्या डोसला यांच्या गुणात फारसा फरक नाही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: मायक्रोग्रॅमचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ६ ते ११ वर्षांसाठी फ्लुटिकासोन प्रोपिओनेटचे ५० ते १०० आणि ब्युडेसोनाइडचे १०० ते २०० हे सारखेच, म्हणजे दोन्ही ‘कमी’ डोस. शेजारच्या मुलाला १०० आणि आपल्याला २०० म्हणून घाबरून डोस निम्मा करणारे पालक मी पाहिले आहेत. सिक्लेसोनाइड फुप्फुसात गेल्यावर कार्यरत होतं, त्यामुळे तोंडाला त्रास कमी. पण खरी निवड उपकरणावर होते. मुलाला जे नीट ओढता येतं ते चांगलं.

पंपाऐवजी माँटेलुकास्टची गोळी दिली तर? मुलगा आनंदाने चघळतो.

गोळी सोपी आहे यात वाद नाही. माँटेलुकास्ट ल्युकोट्राइन या रसायनाची वाट अडवतं. २ ते ५ वर्षांना ४ मिलिग्रॅम, ६ ते १४ वर्षांना ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. सोबत नाक वाहणं, शिंका असतील तर त्यालाही थोडी मदत होते. खेळाच्या धापेवरही ते चालतं: ६ वर्षांवरच्या मुलाला खेळाच्या किमान दोन तास आधी एक गोळी. २४ तासांत दुसरी नाही, आणि रोजची गोळी चालू असेल तर खेळासाठी म्हणून वेगळी नाही. साल्ब्युटामॉलप्रमाणे रोज घेतल्याने त्याचं संरक्षण आखूड होत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू.

पण रोजच्या दम्यासाठी तुलना केली तर पारडं स्टेरॉइडच्या पंपाकडे झुकतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६ ते १७ वर्षांच्या १४४ मुलांना आळीपाळीने दोन्ही औषधं देऊन फुंकर मोजली. फक्त फ्लुटिकासोनने सुधारणारी मुलं २३ टक्के, फक्त माँटेलुकास्टने सुधारणारी ५ टक्के, दोन्हींनी सुधारणारी १७ टक्के. उरलेल्यांची फुंकर दोन्हींपैकी कशानेच ठरलेल्या मापाइतकी सुधारली नाही. म्हणजे गोळीच लागू पडणारी मुलंही आहेत, पण थोडी.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय ही गोळी कोणीही लिहू नये असं मला वाटतं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने माँटेलुकास्टवर सगळ्यात कडक, म्हणजे चौकटीतला इशारा घातला: भयानक स्वप्नं, झोप उडणं, चिडचिड, मारकुटेपणा, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार. बहुसंख्य मुलांना यातलं काही होत नाही. पण गोळी सुरू केल्यावर शांत मूल अचानक आदळआपट करू लागलं, रात्री किंचाळून उठू लागलं, तर ‘वय आहे’ म्हणून सोडून देऊ नका. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. मुलाला आधीपासून मानसिक त्रास असेल तर तो चिठ्ठी लिहिण्याआधीच सांगा.

एका पंपाने भागत नाही, आता काय वाढवायचं?

आधी काहीच वाढवू नका. तीन गोष्टी तपासा: पंप रोज घेतला जातो का, नीट ओढला जातो का, घरात कोणी धूम्रपान करतं का. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून आलेल्या कितीतरी मुलांचं औषध फुप्फुसात पोचतच नसतं.

हे सगळं ठीक असेल तर पुढची वाट तिहेरी आहे: स्टेरॉइडचा डोस वाढवणं, दीर्घकाळ टिकणारं श्वासनलिका सैल करणारं औषध जोडणं, किंवा माँटेलुकास्ट जोडणं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८२ मुलांवर हे तिन्ही करून पाहिलं. सगळ्यात जास्त मुलांना दीर्घकाळ टिकणारं औषध जोडल्याने गुण आला, पण उरलेल्या दोन वाटांनीही अनेक मुलं सुधारली. जवळजवळ प्रत्येक मुलाला तिघांपैकी काहीतरी एक इतरांपेक्षा चांगलं मानवलं. त्यामुळे सहा-आठ आठवड्यांत फरक दिसला नाही तर वाट बदलणं हा रीतसर उपचाराचाच भाग आहे.

साल्मेटेरॉल किंवा फॉर्मोटेरॉल स्टेरॉइडशिवाय एकटं कधीही द्यायचं नाही. ते स्नायू सैल ठेवतं, मुलाला बरं वाटतं, आणि आत सूज वाढत राहते. एकत्र पंपात मात्र ते सुरक्षित आहे. ४ ते ११ वर्षांच्या सहा हजारांहून अधिक मुलांवर फ्लुटिकासोन-साल्मेटेरॉल तपासलं गेलं, गंभीर झटके वाढले नाहीत, आणि २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेत या जोडपंपांवरचा चौकटीतला इशारा काढून टाकला गेला.

‘रोजचाही तोच आणि धापेलाही तोच’ असा एकच पंप मिळतो म्हणे?

हो, आणि मला ही कल्पना मनापासून आवडते. फॉर्मोटेरॉल दीर्घकाळ टिकतं आणि तरीही दोन-तीन मिनिटांत काम सुरू करतं. त्यामुळे ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हा पंप रोजही घेता येतो आणि धाप लागल्यावरही. दर वेळी आरामासोबत थोडं स्टेरॉइडही आत जातं, म्हणजे नुसत्या बादलीवर कोणी राहत नाही. दम्यावरच्या ‘गिना’ या जागतिक मार्गदर्शनात २०१९ पासून १२ वर्षांवरच्या कोणालाही नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका असं म्हटलं आहे. सौम्य दम्याच्या किशोरांना हा पंप लागेल तसा, खेळाआधीही, घेता येतो. ६ ते ११ वर्षांत त्याची कमी ताकदीची आवृत्ती वापरतात. दिवसभरात लहानांना एकूण ८ आणि १२ वर्षांपुढे १२ डोस ही कमाल मर्यादा. तिथवर पोचण्याआधीच दवाखाना गाठायला हवा.

एक सावधगिरी: साल्मेटेरॉलचा जोडपंप असा वापरायचा नाही. त्याला काम सुरू करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. बाहेरून दोन्ही पंप सारखे दिसले तरी आतलं औषध वेगळं असतं.

लेव्होसाल्ब्युटामॉल जास्त चांगलं आणि हृदयाला कमी त्रासदायक असतं का?

साल्ब्युटामॉलचे दोन आरसाप्रतिमा असलेले रेणू असतात. त्यातला कामाचा तेवढा वेगळा काढला की लेव्होसाल्ब्युटामॉल. व्यवहारात मोठा फायदा दिसलेला नाही. हात थरथरणं, छाती धडधडणं दोन्हींनी होतं, आणि थोड्या वेळात थांबतं.

पंप नको, साल्ब्युटामॉलचं सिरप द्या.

सिरप आधी पोटात, मग रक्तात, मग सगळ्या अंगात आणि शेवटी फुप्फुसात जातं. डोस कितीतरी जास्त, काम उशिरा, थरथर आणि चिडचिड अधिक. पंप उपलब्ध असताना सिरप निवडण्याचं कारण मला दिसत नाही.

आजोबांना थिओफिलिनने बरं वाटायचं. मुलाला?

गुण येणारी आणि विषारी ठरणारी पातळी यांत त्याचं अंतर फार थोडं आहे. उलट्या, ठोके वाढणं, आकडी (फिट) येणं इथपर्यंत जाऊ शकतं, आणि एरिथ्रोमायसिनसारख्या औषधासोबत पातळी चढते. मुलांत आता ते जवळजवळ मागे पडलं आहे.

वाफ जास्त चांगली की पंप?

नेब्युलायझरचा आवाज, धूर आणि दहा मिनिटांचा वेळ यामुळे ‘काहीतरी मोठा उपचार झाला’ असं वाटतं. पण सौम्य आणि मध्यम झटक्यात पंप अधिक स्पेसर तितकंच काम करतो, छातीचे ठोके कमी वाढवतो आणि मूल दवाखान्यातून लवकर घरी जातं. फार तीव्र झटक्यात, प्राणवायू सोबत द्यायचा असताना नेब्युलायझरची खरी गरज असते.

पंपाचा जन्मही एका मुलीच्या प्रश्नातून झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या १३ वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का नसतं? १९५६ मध्ये पहिला मोजून डोस देणारा पंप बाजारात आला.

पंप नुसता तोंडात मारला तर बरंचसं औषध घशाला चिकटतं, म्हणून स्पेसर. चार वर्षांखाली मास्क लावून, त्यापुढे तोंडात नळी धरून. पंप हलवा, एक पफ सोडा, मुलाने पाच-सहा संथ श्वास घ्यावेत, मग अर्धा-एक मिनिट थांबून दुसरा पफ. दोन पफ एकदम सोडू नका. मास्क गालाला घट्ट बसायला हवा. मूल जोरात रडत असेल तर औषध फारसं आत जात नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुचकळून तसाच वाळू द्या, फडक्याने पुसला तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज येऊन औषध भिंतींना चिकटतं. कोरड्या पावडरीचा पंप जोरात आणि खोल ओढावा लागतो, त्यामुळे तो सहसा पाच-सहा वर्षांपुढेच.

पंपाची सवय लागते ना?

नाही. चश्म्याने डोळ्यांना व्यसन लागत नाही, तसंच. आराम देणारा पंप वारंवार लागू लागला तर वाढलेला असतो तो दमा. आठवड्यात दोनदापेक्षा जास्त तो लागत असेल, दम्याने रात्री झोपमोड होत असेल किंवा २०० पफचे तीन पंप वर्षभरात संपत असतील, तर उपचार बदलायची वेळ झाली आहे.

मूल तीन वर्षांचं आहे, सर्दी झाली की छाती वाजते. याला दमा म्हणायचं?

या वयात विषाणूंनी छाती वाजणं खूप आढळतं आणि त्यातल्या पुष्कळ मुलांचं शाळेच्या वयापर्यंत थांबतं. सर्दी नसतानाही, हसताना-पळतानाही छाती वाजते का, अंगावर इसब आहे का, आईवडिलांना दमा आहे का, यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. कधीकधी दोन-तीन महिने कमी डोसचं स्टेरॉइड देऊन पाहतात. गुण आला आणि थांबवल्यावर त्रास परतला तर निदान पक्कं व्हायला मदत होते.

खूप औषधं करूनही झटके येतातच. इंजेक्शनं असतात का?

तीव्र, ॲलर्जीच्या किंवा इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी वाढलेल्या दम्यात ओमॅलिझुमॅब, मेपोलिझुमॅब, ड्युपिलुमॅब ही इंजेक्शनं ६ वर्षांपुढे देता येतात. ती मोजक्याच मुलांना लागतात आणि त्यांचा निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा.

बरं वाटतंय, औषध बंद केलं तर?

एकदम नाही. तीन महिने दमा नीट आटोक्यात राहिला की डोस एकेक पायरी उतरवतात, तोही सर्दीखोकल्याचा किंवा परीक्षेचा काळ टाळून. स्टेरॉइडचा पंप दमा आटोक्यात ठेवतो, मुळापासून काढून टाकत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८५ लहान मुलांपैकी काहींना दोन वर्षं फ्लुटिकासोन दिलं. औषध चालू होतं तोवर त्यांना छान वाटलं, बंद केल्यावर वर्षभरात दोन्ही गट सारखेच झाले. वयानुसार बऱ्याच मुलांचा दमा आपोआप सौम्य होतो, तोवर त्यांचं बालपण मोकळ्या श्वासाचं ठेवणं हे औषधाचं काम.

औषधाशिवाय खेळाची धाप कमी करता येते का?

बरीच. दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करताना मध्येमध्ये छोट्या, जोरदार धावा घ्याव्यात. त्यानंतर कित्येक मुलांना पुढचा एक-दोन तास त्रास कमी होतो. थंडीत नाकातोंडावर मऊ कापड घ्यावं. पोहताना हवा दमट असल्याने त्रास कमी असतो, मात्र क्लोरीनचा उग्र वास असलेली बंदिस्त जागा टाळावी. खेळ बंद करू नका. एमी व्हॅन डायकन या जलतरणपटूने दमा असताना १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकली.

स्पर्धेत उत्तेजक चाचणी असते. पंप चालतो?

श्वासावाटे घ्यायची स्टेरॉइडं आणि माँटेलुकास्ट चालतं. साल्ब्युटामॉलला मर्यादा आहे: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, त्यातही कोणत्याही ८ तासांत ६००. खेळाआधीच्या दोन पफांत मूल तिथवर जात नाही. टर्ब्युटालिन आणि स्पर्धेच्या काळात पोटातून घ्यायची स्टेरॉइडं यांना आधी परवानगी लागते.

मैदानावरच झटका आला तर?

खेळ थांबवा, मुलाला ताठ बसवा, आडवं करू नका. आराम देणारा पंप स्पेसरमधून, एकेक करून ४ पफ द्या. चार मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा ४. तरीही नसेल तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत पंप देत राहा.

बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, फासळ्यांमधली जागा आत ओढली जात असेल, मूल गुंगल्यासारखं झालं असेल, किंवा आधी वाजणारी छाती श्वास जड असतानाच अचानक शांत झाली असेल, तर कशाचीही वाट पाहू नका. शांत झालेली छाती इथे बरं झाल्याचं लक्षण नसतं. हवा जवळजवळ आत-बाहेर होत नाही म्हणून आवाज थांबलेला असतो. दवाखान्यात प्रेडनिसोलोनचा तीन ते पाच दिवसांचा कोर्स दिला तर तो पूर्ण करा, पोटातून घ्यायच्या या थोड्या दिवसांच्या स्टेरॉइडला त्या वेळी भिऊ नका. हा सगळा क्रम एका कागदावर लिहून त्याच्या प्रती शाळेत, प्रशिक्षकांकडे आणि मुलाच्या दप्तरात ठेवा, आणि पंपावरचा डोसमोजणीचा आकडा शून्यावर येण्याआधी नवा पंप आणून ठेवा.